खोलीची किल्ली कोणाच्या हाती?

सुटीत सहलीला जाणे ही आता आपल्या समाजातही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. एक पिढी अशी होती की तिचा प्रवास म्हणजे ६ डिसेंबरला चैत्यभूमी आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी. शिदोरी बांधायची, मिळेल त्या गाडीत चढायचे आणि मैदानावरच्या मंडपात, नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून पाठ टेकायची. लेकरे आईच्या कुशीत झोपायची. वेगळ्या खोलीचा प्रश्नच येत नव्हता, कारण मुळात खोलीच नव्हती. आज रेल्वेत, बँकेत, शाळेत नोकरीला असलेला आपला माणूस रजा काढून, प्रवास सवलत घेऊन कुटुंबासह गोव्याला जातो, अजिंठा-वेरूळला जातो, बुद्धगयेला जातो. राहण्याची जागा आधी ठरवतो. आणि तिथेच घरात नवा वाद उभा राहतो. पंधरा-सोळा वर्षांची मुले म्हणतात, आम्हाला वेगळी खोली घ्या. बाप म्हणतो, पैसे झाडाला लागतात काय? आई म्हणते, परगावी पोरे नजरेआड नकोत.

चळवळीतल्या काही मित्रांना हा विषय ऐकून हसू येते. शिष्यवृत्त्या वेळेवर मिळत नाहीत, खासगीकरणाने आरक्षण पोखरले जात आहे, आणि तुम्ही हॉटेलातल्या खोल्यांवर काय लिहिता, असे ते म्हणतात. शिष्यवृत्तीवर लिहिलेच पाहिजे आणि या पानावर ते लिहिले जाते. पण रात्रीच्या निवाऱ्याचा प्रश्न हा चोचल्यांचा प्रश्न आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी आपला इतिहास पुन्हा एकदा उघडून पाहावा. मूल, प्रवास आणि रात्रीचा आसरा या तीन गोष्टींची गाठ आपल्या इतिहासात फार घट्ट बसलेली आहे.

बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यातली पहिलीच आठवण १९०१ सालची आहे. वडील रामजीबाबा गोरेगावला नोकरीवर होते. मुले साताऱ्याला होती. वडिलांनी सुटीसाठी बोलावले म्हणून भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि मृत बहिणीचे दोन मुलगे अशी चार मुले एकटीच निघाली. भीमरावांचे वय नऊ-दहा वर्षांचे. नवे कपडे, अंगावर थोडे दागिने, मनात आगगाडीत बसण्याचा आनंद. म्हणजे ही चक्क सुटीतली सहल होती! मसूर स्टेशनवर उतरली तर न्यायला कोणी आलेले नाही, कारण पत्र पोहोचलेच नव्हते. नीटनेटकी मुले पाहून स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली, पण जात कळताच त्याचा चेहरा बदलला. गाडीवाले बैलगाडी द्यायला तयार होईनात. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार.

पुढे काय झाले ते वाचकांना ठाऊक आहे. डब्यात जेवण होते पण प्यायला पाणी नव्हते. मध्यरात्री गाडी टोलनाक्यावर पोहोचली. आम्ही मुसलमान आहोत असे सांगूनही नाकेदाराने पाणी दिले नाही. मुलांनी रात्र तिथेच काढली. चौघांनी एकाच वेळी झोपायचे नाही, दोघांनी झोपायचे आणि दोघांनी जागे राहून पहारा करायचा, असे थोरल्या भावाने ठरवले. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती गोरेगावला पोहोचली.

‘दोघांनी झोपायचे, दोघांनी जागायचे’ हा आमच्या दृष्टीने या आठवणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. पाण्याचा प्रसंग भाषणांतून शेकडो वेळा सांगितला जातो, हा सांगितला जात नाही. मोठे माणूस जवळ नसताना, परक्या मुलखात, रात्री काय करायचे याचा निर्णय मुलांनी स्वतः घेतला आणि तो बरोबर घेतला. वडिलांनी मुलांना एकटे पाठवण्यात चूक केली नव्हती. मुले समर्थ होती. नालायक होती ती व्यवस्था, जी चार लेकरांना एक छप्पर आणि तांब्याभर पाणी देऊ शकत नव्हती.

आणि हे केवळ मुलांच्याच वाट्याला आले असे नाही. परदेशातून उच्च विद्या घेऊन आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी सराईत पारशी नाव नोंदवून राहावे लागले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि खोली सोडावी लागली. सराईच्या नोंदवहीत आपले खरे नाव लिहिता येत नाही, याचा अर्थ काय असतो हे त्या माणसाला कळले होते. म्हणूनच संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. पुढे १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात, ज्याला आज नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, धर्मशाळा, सराया आणि मुसाफिरखानेही आले. आपला माणूस आज काऊंटरवर उभा राहून ‘दोन खोल्या पाहिजेत’ म्हणतो तेव्हा त्याच्या पाठीशी एवढे सगळे असते. ते चोचले नव्हेत.

आता घराकडे वळू. आपल्यातले कितीतरी जण दहा बाय दहाच्या खोलीत वाढले. बीडीडी चाळीतली खोली साधारण १६० चौरस फुटांची, आणि तीत आजी-आजोबांपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळे. अभ्यास करायचा तर जिन्यात नाहीतर रस्त्यावरच्या दिव्याखाली. खुद्द बाबासाहेबांचे विद्यार्थीपण परळच्या एका खोलीत गेले. पुढे पोयबावडीच्या बीआयटी चाळीत समोरासमोरच्या दोन खोल्या, ५० आणि ५१ नंबरच्या, मिळाल्या तेव्हा त्यातली एक अभ्यासासाठी राखली गेली. माणसाला स्वतःचा कोपरा मिळाला की काय घडू शकते, याचे याहून मोठे उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही. तरीही दार लावून बसलेल्या मुलाला आपण लगेच विचारतो, ‘आत काय चाललेय?’ एकांत म्हणजे काहीतरी लपवाछपवी, असा आपला ग्रह झाला आहे. तो चाळीतल्या गर्दीने करून दिलेला ग्रह आहे. त्याला संस्कार म्हणू नये.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९९२ साली स्वीकारला, त्यातही मुलाच्या खासगीपणाचे वेगळे कलम आहे. त्याच करारातले पाचवे कलम आम्हाला अधिक उपयोगाचे वाटते. आई-बापांनी मार्गदर्शन करावे, पण ते मुलाच्या वाढत्या समजेला साजेसे असावे, असे ते सांगते. अमुक वयाला दोर सोडा असे कुठे लिहिलेले नाही. समज वाढेल तसतसा तो सैल करायचा आहे.

हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी विनयपिटकातली एक हकीकत सांगतो. आळवी येथे काही उपासक भिक्खूंबरोबर एकाच सभागृहात झोपले. झोपेत भिक्खूंच्या अंगावरची चिवरे अस्ताव्यस्त झाली, उपासकांना ते आवडले नाही. तेव्हा तथागतांनी नियम केला की उपसंपदा न झालेल्या व्यक्तीबरोबर भिक्खूने एका निवाऱ्यात झोपू नये. पुढे संघ कोसंबीला आला. राहुल तेव्हा सामणेर होता, त्याची उपसंपदा झालेली नव्हती. भिक्खूंनी नियमावर बोट ठेवले आणि राहुलला झोपायला जागाच मिळाली नाही. त्या मुलाने रात्र शौचकूपात काढली. पहाटे तथागत तिकडे गेले, बाहेरून खाकरले, आतून राहुलही खाकरला. त्याने सगळे सांगितल्यावर तथागतांनी काय केले? राहुलला सहनशीलतेचा उपदेश केला नाही. नियम बदलला. दोन-तीन रात्री एकत्र झोपायला मोकळीक दिली.

या हकीकतीत आपल्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. झोपेच्या वेळी माणसाला आडोसा लागतो हे तथागतांनी मान्य केले, म्हणून पहिला नियम. पण आडोशाच्या नावाखाली मूल उघड्यावर पडत असेल तर तो नियम वाकवायचा, म्हणून दुसरा. नियम मुलासाठी असतो. आपण मात्र उलटे करतो. एकदा ‘आमच्याकडे तसली पद्धत नाही’ म्हटले की मूल कुठे आणि कसे झोपते हे पाहायला जात नाही.

मग वेगळी खोली द्यायची केव्हा? आधी व्यवहार पाहू. अठरा वर्षांखालील व्यक्ती कायद्याने करार करू शकत नाही, त्यामुळे खोली आई-बापांच्याच नावावर घ्यावी लागते आणि ओळखपत्रे दाखवावी लागतात. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो. काही जण मुलांना वेगळ्या खोलीत ठेवायला तयार नसतात, काही फक्त शेजारची खोली देतात. ते पैसे भरण्याआधी फोन करून विचारावे, तिथे पोहोचल्यावर काऊंटरवर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. बऱ्याच ठिकाणी बारा वर्षांवरच्या मुलाला मोठ्या माणसासारखे आकारतात, वर जादा गादीचे पैसे लावतात. दोन मोठी मुले असलेल्या घराने एका महागड्या खोलीत चौघांनी कोंबून घेण्यापेक्षा त्याच पैशात साध्या, स्वच्छ लॉजच्या दोन खोल्या घ्याव्यात, असे आमचे मत आहे. सहल ही शेजाऱ्याला फोटो दाखवण्यासाठी काढायची नसते. (आणि आई-बापांनाही एकांत लागतो. चाळीत ज्यांचा संसार गेला त्यांना तो कधी मिळाला नाही, पण हे आपल्याकडे कोणी बोलत नाही.)

वयाचे म्हणाल तर दहा वर्षांच्या आतल्या मुलाला वेगळी खोली देऊ नये. गॅलरी, गीझर, आतून लागणारी कडी या तीन गोष्टीच पुरेशा आहेत. अकरा-बारापासून पुढे दोन भावंडांना शेजारची खोली द्यायला हरकत नाही, मधले दार असेल तर उत्तमच. पण तेही मुलांनी मागितले तर. काही मुलांना चौदाव्या वर्षीही परक्या जागी रात्री भीती वाटते. त्यांना ‘एवढा घोडा झालास’ म्हणून एकटे झोपवणे ही शिक्षा झाली. पंधराच्या पुढे मात्र नकार द्यायचा असेल तर आई-बापांनी कारण दिले पाहिजे आणि ते कारण मुलांना पटण्यासारखे असले पाहिजे.

वयापेक्षा आम्ही चार गोष्टी पाहू. दारावर टकटक झाली तर कोण आहे हे विचारल्याशिवाय आणि आई-बापांना फोन केल्याशिवाय मूल दार उघडत नाही ना? चहा-टॉवेल घेऊन आलेल्या माणसालाही ‘बाहेर ठेवा’ म्हणून सांगू शकते ना? आग लागली तर जिना कुठे आहे हे त्याने पाहून ठेवले आहे ना? आणि नको वाटणाऱ्या गोष्टीला मोठ्या माणसाच्या तोंडावर ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य त्याच्यात आहे ना? १९०१ साली थोरल्या भावाने ‘दोघे झोपा, दोघे जागा’ म्हटले ते हेच शहाणपण होते. आपल्या पोरांना पहारा करावा लागू नये, पण सावध राहता आले पाहिजे. दुसरी किल्ली मिळत असेल तर ती आई-बापांकडे असावी. आणि आई-बापांनीही टकटक केल्याशिवाय ती वापरू नये.

आता मुख्य दुखण्याला हात घालतो. मुलगा चौदाचा झाला की घरात एकमत होते, ‘त्याला मोकळेपणा हवा.’ त्याला वेगळी खोली मिळते. थोरली सतरा वर्षांची, बारावीत शिकणारी मुलगी मात्र आईच्या पायाशी जादा गादीवर. विचारले तर उत्तर तयार असते, ‘मुलीची जात, लोक काय म्हणतील?’ परगावच्या लॉजवर कोणते लोक ओळखीचे असतात? खरे तर वेगळ्या खोलीची गरज कोणाला जास्त आहे? बाप आणि भावासमोर एकाच खोलीत, एकाच न्हाणीघराला रांग लावून ज्या मुलीला पाळीचे दिवस काढावे लागतात, तिला विचारा. तिने सहलीला यायचेच टाळले तर आपण म्हणतो, तिला फिरायची आवड नाही!

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. दरवर्षी त्या दिवशी आपण अभिवादन करतो. स्त्रीने लहानपणी बापाच्या, तरुणपणी नवऱ्याच्या आणि म्हातारपणी मुलाच्या ताब्यात राहावे, तिला स्वातंत्र्य नको, ही मनूची आज्ञा सभेत तावातावाने सांगणारा वक्ता सहलीत मुलीची किल्ली तिच्या धाकट्या भावाच्या हातात देतो. असे बाप आम्ही पाहिले आहेत. त्यांना आमचा एकच प्रश्न आहे. त्या दिवशी जळाले ते फक्त कागद होते काय? २० जुलै १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेत पत्नीने पतीची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने राहावे असे बाबासाहेबांनी सांगितले. चौदाव्या वर्षी बहिणीवर पहारा करायला शिकलेला मुलगा उद्या कोणाशी बरोबरीने राहणार आहे?

आई-बापांची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत जे झाले ते पाहिलेल्या समाजाला मुलीची काळजी कशाला करता, असे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही. काऊंटरवर आडनाव वाचून भुवया उंचावणारे आजही आहेत. मुले एकटी दिसली की ‘कुठले तुम्ही? वडील काय करतात?’ अशी उलटतपासणी होते, आणि तिचा रोख आपल्याला बरोबर कळतो. मुलांनी आपले नाव, आडनाव ताठ मानेने सांगावे. पण अपमान झाला तर स्वतः भांडत न बसता आधी आई-बापांना बोलवावे, हे निघण्यापूर्वी घरीच सांगून ठेवावे.

मात्र भीतीचा पत्ता आपण चुकीचा लिहितो. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या बहुतांश प्रकरणांत आरोपी ओळखीतलाच असतो. नातलग, शेजारी, घरी येणारा-जाणारा. बालकांच्या संरक्षणासाठी २०१२ साली झालेला पॉक्सो कायदा ओळखीतल्याला सूट देत नाही, उलट नात्याचा आणि विश्वासाचा गैरफायदा घेणाऱ्याला अधिक कडक शिक्षा सांगतो. आपल्याकडच्या धम्मयात्रांमध्ये काय होते? बस भरून बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी अशी पंधरा दिवसांची यात्रा निघते. मुक्कामाला पोहोचायला रात्रीचे अकरा वाजतात, सगळे दमलेले. आयोजक खोल्या वाटतो. चार खाटांची खोली, तीन माणसे, मग एक खाट रिकामी कशाला? ‘तुमच्या पोराला या काकांच्या खोलीत टाका, आपलाच माणूस आहे.’ स्वतःच्या भावंडाबरोबर कडी लावून झोपू पाहणाऱ्या मुलीला नकार देणारे आई-बाप इथे मात्र एका शब्दाने होकार देतात. का, तर संकोच! ‘नाही म्हटले तर काय वाटेल त्यांना?’

आमचे आयोजकांना सांगणे आहे की खोल्यांची यादी रात्री अकराला जिन्यात उभे राहून करू नका, निघण्यापूर्वी करा. मुलांची नावे आणि वये तीत लिहा. अठराखालचे मूल आपल्या आई-बापांबरोबर, भावंडांबरोबर किंवा बरोबरीच्या मुलामुलींबरोबर झोपेल, इतर मोठ्या माणसाबरोबर नाही, एवढे एक कलम यात्रेच्या पत्रकात छापा. खाट रिकामी राहिली तर राहू द्या. विहारातल्या मोठ्या हॉलमध्ये सगळे एकत्र झोपणार असतील तर बायका-मुलांची बाजू वेगळी करा आणि दिवा चालू ठेवा. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर प्रत्येक मुलाला पाठ असू द्या.

आणि आई-बापांनी ती यादी बस सुटण्याआधी मुलांना वाचून दाखवावी. तुला कोणाच्या खोलीत झोपायचे नाही, असे साधे विचारावे. मुलाने एखादे नाव घेतले तर तिथे उलटतपासणी करू नये. आधी यादी बदलून घ्यावी. कारण काय ते नंतर, एकांतात, त्याला सांगावेसे वाटेल तेव्हा ऐकता येईल.